नक्कल करून दाखव

नणंद: ...पण मला कशाला आणलंस? दादाला आणायचंस. मला दवाखान्याच्या वासानंच मळमळतं.

वहिनी: घरातलं माणूस हवंय डॉक्टरांना. मला फिट येताना पाहिलेलं. तुझ्याइतकं बारकाईनं कुणी पाहिलंय?

नणंद: टोमणा कळला हं.

वहिनी: टोमणा कसला, मानपान आहे. आत डॉक्टर विचारतील, फिट कशी यायची. तू सांगायचं नाहीस. करून दाखवायचंस.

नणंद: काय करून?

वहिनी: नक्कल. मैत्रिणी आल्या की करायचीस ती. डोळे फिरवून, जीभ बाहेर काढून. मी आत भांडी विसळत असायचे आणि बाहेर हशा पिकायचा.

नणंद: अगं, तेव्हा कुणाला माहीत होतं डोक्यात गाठ आहे म्हणून? आई म्हणायची, कामाच्या वेळी बरी पडते ही. सगळेच म्हणायचे सोंग आहे.

वहिनी: म्हणायचे सगळे. करून दाखवणारी तू एकटी.

नणंद: वर्ष झालं ऑपरेशनला. अजून तेच धरून बसलीयेस?

वहिनी: गाठ काढली त्यांनी. मनातलं हे कुठं काढलं? जिथं कुणी हसणार नाही तिथं एकदा कर, माझ्या डोळ्यांदेखत. मग मी शाळेची व्हॅन परत चालवणार, तुझ्या दादाला घेऊन वेगळी राहणार आणि तुमच्या दाराकडे ढुंकूनही बघणार नाही.

(नाव पुकारलं जातं. दोघी आत जातात.)

डॉक्टर: या, बसा. स्कॅन अगदी स्वच्छ आहे. गाठ पूर्ण निघाली होती, त्यामुळे फिट थांबण्याची आशा पहिल्यापासून चांगली होती. व्हॅनच्या परवानगीचं बोलत होतात ना? या कोण?

वहिनी: नणंद माझी. हिला माझी फिट तोंडपाठ आहे. दाखव गं.

नणंद: डॉक्टर, मी तोंडानं सांगते ना...

वहिनी: दाखव. या सिस्टरही आहेत बघायला. प्रेक्षक कमी पडायला नकोत तुला.

नणंद: ...आधी हा अंगठा. डावा. असा, टकटक हलायचा. मग हात, कोपरापर्यंत. मग ओठाचा हा कोपरा ओढला जायचा. मान अशी वळायची. आणि मग... मग ही पडायची. बास ना, वहिनी?

वहिनी: जीभ राहिली.

नणंद: जीभ तू काढतच नव्हतीस. ते मी पदरचं घालायचे. मैत्रिणींनी हसावं म्हणून.

वहिनी: ऐकलंत, डॉक्टर?

डॉक्टर: ऐकलं. बाकीचं मात्र अचूक आहे. मेंदूत अंगठ्याचं काम जिथून चालतं, त्याला लागूनच होती गाठ. आता ऑपरेशननंतरचं सांगा.

वहिनी: एकदाही नाही. ठणठणीत आहे मी.

डॉक्टर: झोपेतलं तुम्हाला कळणार नाही. म्हणून यांना विचारतेय.

वहिनी: सांग की. आता का दातखीळ बसली?

नणंद: अंगठा हलतो.

वहिनी: काय?

नणंद: झोपेत. दादा रात्रपाळीला असला की मी येऊन बघते. नुसता अंगठा, थोडा वेळ. मग थांबतो. गेल्या आठवड्यातही हलला.

वहिनी: खोटं! डॉक्टर, डाव साधतेय ही. आत्ता इथं नाक कापलं गेलं ना, म्हणून! मला व्हॅन मिळू नये, मी त्या घरातून सुटू नये...

डॉक्टर: शांत व्हा. होतं असं काहींचं. गाठ निघते, पण तिथला व्रण कधीकधी त्रास देत राहतो. गोळ्या बदलून बहुतेकदा आटोक्यात येतं. परवानगीवर सही मात्र आज नाही करता येणार. गाडीत मुलं असतात.

वहिनी: झालं तुझ्या मनासारखं?

नणंद: तुझं वाईट करायचं असतं तर 'काही नाही' म्हटलं असतं, वहिनी. आणि गाडीची किल्ली हातात दिली असती.

वहिनी: ...दर रात्रपाळीला येतेस बघायला?

नणंद: त्याशिवाय झोप लागत नाही.

वहिनी: द्या डॉक्टर, काय नवीन गोळी द्यायची ती. पण हिला मी माफ केलेलं नाही.

नणंद: नको करूस. रात्री दाराला कडी तेवढी घालू नकोस.