नळावरची खूण

मंडळी, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आणि ते मागे खांबाला टेकून गप्पा मारणारे — पुढे या, पुढे! आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. पाहुणे येणार म्हटलं की आपण घर झाडतो, पडदे धुतो, कपाटातले ठेवणीतले कप काढतो. खरं की नाही? मग सांगा — ते घर झाडलं कुणासाठी? पाहुण्यांसाठी, की घरच्यांसाठी? ...बघा, कुणी बोलत नाही! सगळ्यांच्याच कपाटात कप आहेत वाटतं!

तर ऐका. एक शहर होतं. नाव विचारू नका, नाव घेतलं की तिथलं कुणीतरी रागावतं. नदीकाठी परटांचा घाट, आणि त्या घाटावर गेनूआबा राऊत. साठी उलटलेली, धुणं दगडावर आपटून आपटून हात दगडासारखे झालेले, आणि स्वभाव? महासंशयी! दूधवाल्यानं दूध घातलं की आधी बोट बुडवून बघणार. पुजाऱ्यानं तीर्थ दिलं तर वास घेऊन पिणार! हसताय काय, तुमच्यातही बसलेत दोन-चार!

पण संशयाला कारण होतं हो. नदी नासली होती. पांढरी चादर पाण्यात बुडवली की पिवळट होऊन वर यायची, शिवाय वास! धुणं देणारं एकेक हॉटेल सुटलं, एकेक घर सुटलं. आबांची बायको येसाबाई रोज म्हणायची, "स्वच्छ पाण्याचा एक नळ मिळाला ना, तर आपला धंदा तरेल. नाहीतर घाट उठलाच म्हणायचा." वीस वर्षं अर्ज दिले. नळ काही आला नाही.

आणि एक दिवस — परिषद! साधीसुधी नव्हे, आंतरराष्ट्रीय! विषय काय, तर पाणी! तीस देशांचे पाहुणे येणार, घाट बघायलाही येणार. झालं! पंधरा दिवसांत रस्ता झाला, दिवे लागले, बाकं आली, कुंड्या आल्या — आणि घाटावर नळ आला! शेजारच्या बुरूड आळीत, म्हणजे सुपं-टोपल्या विणणाऱ्यांच्या आळीत, तिथंही एक नळ. कारण पाहुण्यांची गाडी तिथूनच वळायची होती!

महापालिकेचे देशमाने साहेब आबांना म्हणाले, "आबा, अशा परिषदेनं शहराचा फायदा होतो. कामं मिळतात, सोयी होतात, चार देशांत नाव होतं."

आबा म्हणाले, "शहराचा होतो, कबूल. पण साहेब, घाट शहरात येतो का?"

साहेब नुसते हसले. आबांनी ते हसू मनात धरून ठेवलं.

आता खोटं कशाला बोलू, फायदा झाला! हॉटेलं भरली, चादरींची गाठोडी पुन्हा घाटावर आली. नळाच्या पाण्यात धुतलेली पहिली चादर येसाबाईनं उन्हात धरली, आणि बाईचे डोळे भरून आले. इतकी पांढरी! आणि आबा? आबा गुडघ्यावर बसून नळाच्या मागे उकरतायत! पाइप पुरलेलाच नव्हता. वर नुसती माती लोटलेली.

"येसे," आबा म्हणाले, "हा नळ राहायला आलेला नाही. पाहुण्यांबरोबर हाही जाणार."

मग त्यांनी काय केलं? आधी परटाची रीत ऐका. शंभर घरांचे कपडे एका घाटावर पडतात, तरी तुमचा सदरा तुमच्याच घरी कसा येतो? आतल्या बाजूला बिब्ब्याच्या तेलाची खूण असते! ज्या घरचं कापड, त्या घरची खूण. किती आपटा, किती उकळा, जात नाही. आबांनी बिब्ब्याला सुई टोचली आणि नळाच्या कट्ट्यावर, ओल्या सिमेंटवर, घाटाची खूण काढली — दोन टिंबं, खाली आडवी रेघ. कुणी म्हणेल, परिषदेत बिब्बा घातला. म्हणू द्या!

बुरूड आळीतली हौसाबाई हे बघत होती. ती म्हणाली, "आबा, आमच्या नळावरबी काढा की खूण."

"का म्हणून?" आबा उसळले. "तुमच्या बांबूचे कपचे वर्षभर माझ्या धुण्यात अडकतात, तेव्हा कुठं असता? आणि उद्या काही भानगड झाली तर खूण कुणाची सापडेल? माझी!"

हौसाबाई परत गेली.

पाहुणे घाटावर आले. पांढऱ्या केसांची एक परदेशी बाई नळापाशी थांबली. दुभाषी मुलगी म्हणाली, "बाई विचारतायत, ही खूण कसली?" आबांना लगेच संशय! कशाला विचारते? दंड करायचा असेल! पण येसाबाई बोलली, "ज्या घरची वस्तू, त्या घरची खूण. धुवायला आलेलं चुकून दुसरीकडे जाऊ नये म्हणून."

बाई वळली ती थेट सोबत आलेल्या महापालिका आयुक्तांकडे. "म्हणजे हा नळ यांचा?"

तीस देश बघतायत! कॅमेरे रोखलेले! आयुक्त काय म्हणणार? "म्हणजे काय! यांचाच, कायमचा!" टाळ्या!

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी — ट्रक! कुंड्या चढल्या, बाकं चढली. एक माणूस पाना घेऊन नळाशी आला. "तीन दिवसांचाच नळ होता, बाबा."

आबा कट्ट्यावर चढून उभे. "खूण बघ! आणि आयुक्तांना विचार!" त्यानं देशमाने साहेबांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "त्याला हात लावू नकोस! फोटो छापून आलाय पेपरात!"

नळ राहिला! आबांची छाती फुगली. "बघितलंस येसे? संशय घेतला म्हणून वाचलो!"

मंडळी, इथंच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं. पण ट्रक बुरूड आळीकडे वळला. तिथल्या कट्ट्यावर खूण नव्हती. पाच मिनिटांत नळ निघाला.

तिसऱ्या दिवशी हौसाबाई घाटावर आली. डोक्यावर चुंबळ, त्यावर रिकामा हंडा, मागे आळीतल्या बायका. मागितलं काहीच नाही, नुसती उभी राहिली. आबांच्या ओठांवर आलं होतं, आज एक हंडा दिला तर उद्या अख्खी आळी इथंच! पण ‘घाट शहरात येतो का?’ हा साहेबाला विचारलेला प्रश्न हंडा घेऊन त्यांच्यासमोर उभा होता. आणि साहेबासारखं नुसतं हसायला आबांना जमेना. फार लाज वाटली हो माणसाला.

"हौसा, चुंबळ दे इकडं."

आता संशय तिला! "कशाला?"

"दे गं बाई."

चुंबळीच्या कापडावर आबांनी काढली — दोन टिंबं, खाली आडवी रेघ. "कुणी अडवलं तर दाखव. सांग, मी घाटाचीच आहे."

मंडळी, तुमच्याही शहरात परिषदा येतील. येऊ द्या! फायदा होतो म्हणतील, तेव्हा संशय घ्या, खुशाल घ्या, नळाच्या मागे उकरून बघा! पण स्वतःपुरती खूण काढून झाल्यावर आपला हात कुणाच्या दारापाशी थांबला, तेही बघा. आणि हो, त्या कपांचं राहिलंच. उद्या सकाळी तुमच्याकडे भांडी घासायला बाई येईल. तिला चहा कुठल्या कपातून देता?

...पुन्हा कुणी बोलत नाही. बरं, घ्या टाळ हातात.