शिंपल्यांचा उंदीर

...आणि वर मलाच विचारतात, "तुला नाही का गं येत वास?" आता काय सांगायचं माणसाने? येतो ना, चांगला येतो, माझ्याच कपाटातून तर येतो, लग्नातल्या नव्याकोऱ्या कपड्यांच्या घड्यांखालून! पण सासूबाई स्वयंपाकघरात नाक वर करून उभ्या, "मोरी तुंबलीय." सासरे जिन्याखाली वाकलेले, "छे छे, उंदीर मेलाय, हा वास मी ओळखतो, आमच्या ऑफिसात असाच होता." नवरा म्हणतो, "माझे मोजे नाहीत हं." आणि मग सगळे वळून माझ्याकडे बघतात, जणू मीच उंदीर आहे. मी काही बोलले नाही.

तुम्हाला सांगते, मी मुळातच फार कमी बोलते. म्हणजे तीच तर माझी पात्रता! लग्न ठरताना शिक्षण कुणी विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, सासूबाईंनी एवढंच विचारलं, "मुलगी शांत आहे ना?" कारण पहिली सून, म्हणजे माझी जाऊ, फार बोलायची म्हणे. उठली की बोलायची, जेवताना बोलायची, उलट उत्तरं द्यायची, प्रश्न विचारायची, आणि असंच बोलता बोलता एक दिवस एक पिशवी उचलून निघूनच गेली. मुली मागे राहिल्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहा. त्यांना सांगितलंय, आई कामासाठी लांब गेलीय. किती लांब? खूप लांब. कधी येणार? तुम्ही शहाण्यासारखं वागलात की. तर त्या दोघी गेलं वर्षभर इतक्या शहाण्यासारख्या वागतायत, इतक्या, की बघून अंगावर काटा येतो हो! सांडत नाहीत, भांडत नाहीत, दुसऱ्यांदा वाढून मागत नाहीत.

तर हा वास कुठून आला ते सांगते. लग्नानंतर आम्ही दोघं समुद्रावर जाणार होतो. दोघंच. सासूबाई म्हणाल्या, "जाताच आहात तर मुलींना न्या की, बिचाऱ्यांना हवापालट." बरं. मग मुलींकडे बघायला सासूबाई, सासूबाईंच्या गोळ्यांची आठवण करायला सासरे, आणि एवढ्या माणसांना मोठी गाडी लागणार म्हणून ती चालवायला भावजी, म्हणजे मुलींचे बाबा. तुम्हाला सांगते, आमच्या मधुचंद्राला आम्ही सात जण होतो! मी काही बोलले नाही. नवरा आणि भावजी वाळूत खुर्च्या टाकून आपापल्या फोनमध्ये, सासरे छत्रीखाली, सासूबाई "पाण्यात जाऊ नका, सर्दी होईल" असं समुद्राला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगतायत, आणि मी त्या दोघींबरोबर शिंपले गोळा करतेय. धाकटी दिसेल ते उचलत होती, तुटकं, फुटकं, बाटलीचं झाकणसुद्धा. थोरली एकेक उचलून उन्हाकडे धरायची, उलटा करायची, आणि दहातले नऊ परत ठेवून द्यायची. मी म्हटलं, "अगं घे की, समुद्राला कमी पडत नाहीत." तर म्हणाली, "चांगलेच हवेत, काकू."

येताना ती ओली पिशवी कुणाच्या मांडीवर? माझ्या. रस्ताभर! खारट पाणी माझ्या नव्या कपड्यांतून गुडघ्यापर्यंत ओघळतंय, आणि भावजी आरशातून बघून म्हणतात, "सीट ओली नाही ना होत?"

घरी आल्यावर दोघी माझ्या खोलीच्या दारात. "काकू, दागिने करूया?" सासूबाई आतून, "करा करा, ती रिकामीच असते." मग काय, बसलो. आधी शिंपले उकळायला हवेत, नाहीतर आतलं काही जात नाही. एवढे मावतील असं भांडं घरात एकच, दुधाचं पातेलं. तर सासूबाईंचा दुपारी डोळा लागल्यावर आम्ही तिघींनी चोरांसारखं दुधाच्या पातेल्यात समुद्र उकळला, पातेलं तीनदा घासलं, लिंबू लावलं, तरी दुसऱ्या दिवशी दूध नासलंच. सासूबाईंनी दूधवाल्याला दारात उभं करून असा झापला, असा झापला... मी काही बोलले नाही. दूधवाल्याच्या नजरेला नजर देत नाही मी अजून.

पुढे भोकं! तुम्ही कधी शिंपल्याला भोक पाडलंय? खिळा ठोकला की दोन तुकडे. सुई तापवली की माझं बोट. शेवटी थोरलीनेच शोधून काढलं, शिंपल्याचा फुगीर माथा खरखरीत दगडावर घासत राहायचं, घासत राहायचं, हळूहळू तो तिथे पातळ होतो आणि आपोआप बारीक भोक पडतं. धीर हवा फक्त. धीराला काय तोटा? तिघी बसलो न्हाणीघराच्या दगडी उंबऱ्याशी, खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. ओवायला भावजींचा दात साफ करायचा दोरा, त्याच्यासारखा चिवट दोरा दुसरा नाही. चकाकी यायला माझं नवंकोरं नेलपॉलिश, बिनरंगाचं, अख्खी बाटली.

आणि पलीकडच्या खोलीत सासरे झोपेतून उठून बसले. "ऐकलंत? कुरतडतोय!" झालं. आवाज आहे, वास आहे, म्हणजे उंदीर आहे. वास कसला म्हणाल, तर मोठे तीन शंख धाकटीने न उकळताच माझ्या कपाटात लपवले होते. "पदकासाठी आहेत. आजीने बघितले तर ती आईला फोनवर आधीच सांगून टाकेल, मग काय मजा?" आणि त्या तिन्हींत बिचारे घरमालक अजून मुक्कामाला होते. म्हणजे जिवंत नव्हते, पण होते! मी सांगणार होते हो सासऱ्यांना, खरंच सांगणार होते. पण तोवर ते बाजारातून पिंजरा घेऊन आले, आणि इतके खूश! निवृत्त झाल्यापासून माणसाच्या चेहऱ्यावर एवढं तेज कुणी पाहिलं नव्हतं. अशा माणसाला शिंपला कसा दाखवायचा?

माळ पुरी होत आली तशी थोरली म्हणाली, "काकू, मान खाली कर." तुम्हाला सांगते, मला भरून आलं. म्हटलं, चला, या घरात कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी केलं. तिने माळ माझ्या गळ्यात घातली, मागे सरकून बघितलं, आणि म्हणाली, "अजून चार हवेत. आईची मान तुझ्यापेक्षा लांब आहे."

मी काही बोलले नाही. चार शिंपले घासायला घेतले.

धाकटीला विचारलं, "पण आईला पाठवायची कशी?" ती म्हणाली, "आजी पाठवते की! आजी सगळं पाठवते. कागदाचा मुकुट पाठवला, बटणांचं कंकण पाठवलं, मातीचा कप पाठवला. आईला कप फार आवडला. रंग छान आहे म्हणाली." थोरलीने मान हलवली. "मुकुटालाही तेच म्हणाली होती."

अशातच सासऱ्यांचा पिंजरा रिकामाच राहायला लागला आणि त्यांनी पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. तो आला टॉर्च घेऊन, प्रत्येक खोलीत नाक खुपसून, "इथे आहे... नाही... इथे होता... गेला!" सासरे त्याच्या मागे, "मी म्हणत होतो ना!" पलंग सरकवले, कपाटं सरकवली, माझ्या कपाटापाशी येऊन तो थांबला, दीर्घ श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि भला माणूस, "बाईंचं कपाट आहे," म्हणून पुढे गेला. सासूबाई दूध तापवत होत्या. त्यांच्या खोलीत माळ्यावरून त्याने बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा खाली काढला. "यात घर केलं असेल तर?" झाकण उघडलं. टॉर्च मारला. "नाही हो, पोरांचं सामान आहे."

मुकुट होता. चेपलेला. बटणांचं कंकण होतं. कपाचा कान तुटला होता.

आणि शाळेला सुट्टी होती हो त्या दिवशी! थोरली माझ्या शेजारी उभी. तिने डब्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुढे झाली, झाकण उचललं, चारी बाजूंनी नीट दाबून बसवलं, आणि त्या माणसाला म्हणाली, "इथे उंदीर नाही."

बस. एवढंच. रडली नाही, विचारलं नाही. मी काही बोलले नाही याची मला सवय आहे, पण ती काही बोलली नाही ना... नऊ वर्षांची पोर! इतकी शांत! सासूबाईंची नात म्हणून कधी शोभली असेल, तर त्या दिवशी.

संध्याकाळी माझ्या खोलीत आली. माळ रुमालात गुंडाळलेली. मधोमध त्या तीन शंखांचं पदक, कितीही धुतलं तरी वास मारणारं. "काकू, ही तूच दे. तू कुठे जातेस ते कुणी विचारत नाही." मग दारापर्यंत जाऊन परत आली. "धाकटीला सांगू नको. मी तिला सांगितलंय, आजीला दिली."

आता माझी जाऊ कुठे असते हे मला माहीत होतं. नवऱ्यानेच एकदा हळू आवाजात सांगितलं होतं, "वहिनी बाजारामागच्या चष्म्याच्या दुकानात लागलीय. घरात बोलू नको हं." मी बोलणार? मी! आणि बघा, खूप लांब, खूप लांब म्हणजे किती, तर चालत गेलं तर चप्पलही तापत नाही.

गेले. दुसऱ्याच दिवशी. ती काउंटरच्या मागे, उंच, लांब मानेची. "नंबर तपासायचाय का?" मला सांगता आलं असतं, मी तुमची धाकटी जाऊ. पण तोंडातून शब्द फुटेल तर ना! मान हलवली. तिने खुर्चीत बसवलं, डोळ्यावर ते जड लोखंडी काहीतरी चढवलं, "वाचा." वाचलं. "खालची ओळ?" वाचली. "त्याच्या खालची?" दिसेना. "लांबचं दिसत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "कधीपासून?" आणि मी, डोळ्यावर ते लोखंड तसंच, पर्समधून रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला.

तिने माळ पाहिलीच नाही आधी, गाठ पाहिली. "दुहेरी गाठ. मी शिकवली होती, बुटांच्या नाड्या बांधताना." मग दुकानाच्या कोटावरून गळ्यात घातली. नेमकी बसली. मग नाक मुरडलं. "अगं, या मोठ्या शंखात अजून काहीतरी आहे!" आणि हसली, आणि हसता हसता काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकली, आणि बराच वेळ तिला ते सापडेना.

मी विचारलं, "मुकुट? कंकण? कप?" "कसला कप?" मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. डब्याचं, झाकणाचं, दुधाच्या पातेल्याचं. तिने सांगितलं, भांडण झालं म्हणून एक रात्र बहिणीकडे गेली होती. सकाळी मुलींना न्यायला आली तर दार उघडलंच नाही. शाळेच्या फाटकावर गेली, तर मुलींच्या वडिलांनी मनाई केलीय म्हणे. "वकील म्हणतो, थांबा. थांबलेय."

घरी आले. त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो, आणि धाकटीने विचारलं, "आजी, आईला माळ आवडली?"

आणि सासूबाई, माळ त्यांनी बघितलीसुद्धा नव्हती हो, ती आहे की नाही हेही माहीत नव्हतं, तरी भात वाढता वाढता, "हो गं राणी, फार आवडली. रंग छान आहे म्हणाली."

थोरलीने ताटातून मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

"वास येतो म्हणाली," मी म्हटलं.

कुणाचा तरी चमचा पडला. नवऱ्याने टेबलाखाली माझा पाय दाबला. मी म्हटलं, "मोठ्या शंखात अजून काहीतरी आहे म्हणाली. गळ्यात घालूनच म्हणाली. नेमकी बसली. गाठ बघून म्हणाली, ही थोरलीची."

"अजून काय म्हणाली?" थोरली. आणि मी सांगायला लागले, कोटावरून घातली, हसली, काउंटरखाली वाकली, भावजी ताट उचलून आत गेले, सासरे म्हणाले, "म्हणजे उंदीर नव्हताच?" धाकटीने विचारलं, "आई लांब नाहीये?" मी म्हटलं, "बाजारामागे आहे," आणि सासूबाई "गप्प बस! गप्प बस!" करतायत, आणि तुम्हाला सांगते, मला थांबताच येईना!

काय झालं पुढे? व्हायचंय काय! वकील अजून थांबा म्हणतो. डबा माळ्यावरून नाहीसा झाला. शाळेच्या फाटकावर आता माझंही नाव सांगून ठेवलंय, काकूबरोबर सोडू नका म्हणून. माझा चष्मा तयार होऊन दुकानात पडलाय, आणायला जायची सोय नाही. पण पोरी रोज येतात खोलीत, दार लावतात, "काकू, सांग ना, परत सांग, माळ घातल्यावर काय म्हणाली?" आणि मी सांगते. घासून घासून भोक पडलं की मग काय, आरपारच.

काल सासूबाई जिन्यात शेजारच्या काकूंना सांगत होत्या. पदर डोळ्याला. "काय करू हो, दिवसभर बडबड, उलट उत्तरं, प्रश्न... आणली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता हिच्या, शप्पथ सांगते. पहिलीचंही अगदी अस्संच झालं होतं."

आता यावर मी काय बोलणार!