रात्री काय चालणार?

नाही हो दादा, माझं ऑक्सिजनचं मशीन तुमच्या यादीत चुकून राहिलं असेल – फोनवर सगळं आमच्या यांनीच सांगितलं ना तुम्हाला? मग झालं तर! माणूस थकतो. रात्री माझ्या नाकातली नळी निघाली की ते मशीन ओरडायला लागतं, मग हे उठणार, नळी बसवणार, परत आडवे होणार – किती वर्षं तेच चाललंय – एखादी गोष्ट जाते डोक्यातून. हे स्क्रू आणायला गेलेत, ते येईपर्यंत वाचा बरं पुन्हा, ट्रेलरच्या सोलरवर काय काय चालवायचं धरलंय. दिवे, पाण्याचा पंप, छोटा फ्रिज, पंखा... आणि दाढीचं मशीन? तेसुद्धा सांगितलं? – हं. तसे बारकाईचेच आहेत. जन्मभर गोदाम सांभाळलंय, खिळा जागचा हलला तरी कळायचं यांना. हा चाकांवरच्या खोलीसारखा ट्रेलर घेतला तेव्हा म्हणाले, दूर कुठेतरी तळ्याकाठी जाऊन राहू, लाइट नको, शेजार नको, कटकट नको. मी म्हटलं, अहो, आणि माझा ऑक्सिजन? तर म्हणाले, सोलर बसवतोय ना, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस.

एकट्यालाच जायचं असेल त्यांना, नाही का? जाऊ दे की! माझी बहीण येऊन राहील इथे. मी कुठे अडवलंय? – पण मग ट्रेलरमधली झोपायची फळी माझ्या मापाची का कापून घेतली? परवाच भिंतीला उभं करून उंची मोजली माझी. हसत होते, म्हणाले, आखूड झालीस गं.

मला एक सांगा, रात्रभर चालणारी वस्तू म्हटली की बॅटरी मोठी लागते, हो ना? मग तुम्ही विचारलंच असेल त्यांना, रात्री काय चालणार म्हणून – खाली काय बघताय? – विचारलंत. मग? काय म्हणाले? – रात्री काही नाही? असंच म्हणाले?

बरं.

थांबा, दम लागला जरा... वाईट नाहीत हो ते. मला आंघोळ घालतात, वेणी घालून देतात, शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस. कंटाळलेत आता. मी तरी काय, त्यांच्या जागी असते तर कंटाळलेच असते. पण दादा, मला मरायचं नाहीये अजून. खरंच नाही. भीती वाटते मला यांची – बघा, बोलून गेले, तुम्ही कुठे बोलू नका. एवढं करा, मशीन चालेल एवढी बॅटरी बसवा, त्यांना काहीही कारण सांगा, ढगाळ दिवसांसाठी म्हणा, काहीही – कराल ना? –

आलात? मिळाले का स्क्रू? – नाही, कुठे काय, हे दादा कामाला निघालेच होते. माझ्या उशाचा दिवा हाताला येईल असा लावा, एवढंच सांगत होते मी त्यांना.