हलकी पुडी

जबाब
दि. १४/०१/२०२६

पार्वताबाई श्यामलाल रहांगडाले, वय ५७ वर्षे, धंदा : चहा-पोह्याची टपरी, रा. कुडवा, ता. जि. गोंदिया.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, कोणी न बोलावता, जबाब लिहून देते की, मी वरील ठिकाणी राहत असून घराजवळच माझी टपरी आहे. टपरीचे सामान मी अकरा वर्षांपासून दुलीचंद शेठ यांच्या किराणा दुकानातून आणते.

दुकानाच्या गल्ल्यावर शेठची सून प्रेरणा बसते. दहा रुपये परत द्यायचे असले की ती पुडी देते. पुडी म्हणजे रुपयाची दहा नाणी वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली. दहाचे नाणे आमच्या भागात कोणी घेत नाही आणि दहाच्या नोटा फाटक्या, म्हणून ही पद्धत पडली आहे. पुडी कोणी फोडत नाही, जशीच्या तशी पुढे देतो. फोडलेल्या पुडीची तक्रार शेठ ऐकून घेत नाहीत.

काल दि. १३ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी साखर, चहापत्ती, तीळ व गूळ घेतला. दुकानात संक्रांतीची गर्दी होती. ३९० रुपये झाले, मी ४०० दिले, प्रेरणाने पुडी दिली. टपरीवर आल्यावर पुडी हाताला हलकी लागली. दुसऱ्या हातात जुनी पुडी धरून पाहिली. तीन रुपये तरी कमी असावेत असे वाटून मला फार राग आला. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला असे करतात म्हणजे काय. पुरावा राहावा म्हणून पुडी न फोडता साखरेच्या डब्यात ठेवली. टपरीवर लोक असल्याने लगेच परत जाता आले नाही.

दुपारी टपरीवर बातमी आली की प्रेरणाचे मंगळसूत्र गल्ल्यातून गेले व दुकान झाडणाऱ्या शामकला शहारे हिच्यावर संशय आहे. शामकला माझ्या घरामागे राहते. नालीच्या पाण्यावरून आमचे दोन वर्षांपासून बोलणे नाही. मला कोणी काही विचारले नव्हते. तरी मी आठ-दहा गिऱ्हाइकांसमोर बोलले, "घेतलंच असंल तिनं." हे वाक्य जसेच्या तसे लिहावे अशी माझी विनंती आहे.

आज सकाळी शामकलाला ठाण्यात बोलावले. मी दहा वाजता तीन रुपयांसाठी दुकानात गेले. प्रेरणाचे डोळे सुजलेले होते, गळ्यात नुसता हळदीचा दोरा होता. शेठ म्हणाले की इथे सोने गेले आणि बाई, तुम्हाला तीन रुपये सुचतात. ते मला लागले. मी पुडी काउंटरवर ठेवून सगळ्यांसमोर फोडली. आत नाणी नव्हती. सोन्याच्या दोन वाट्या, मणी आणि काळ्या पोतीचा तुटलेला दोरा होता.

तेव्हा प्रेरणाच्या ध्यानात आले. काल सकाळी पुड्या बांधताना दोरा तुटला, म्हणून तिने मंगळसूत्र तशाच कागदात बांधून गल्ल्याच्या कोपऱ्यात ठेवले, आणि गर्दीत तीच पुडी मला दिली. नंतर तिने गल्ल्यातल्या सगळ्या पुड्या फोडून पाहिल्या, पण देऊन टाकलेली पुडी तिच्या मनात आली नाही. ती रडता रडता हसू लागली. माझाही जीव भांड्यात पडला, कारण राग आला नसता तर ती पुडी मी कालच दूधवाल्याला दिली असती.

शेठ बक्षीस देत होते, ते घेतले नाही. माझे दहा रुपये मात्र मागून घेतले, नोटेत. शेठ म्हणाले, "मैं थाने में फोन कर देता हूँ, आप कायको जाती." मी म्हटले की मी जे बोलले ते फोनवर बोलले नव्हते. टपरी बंद करून इकडे आले.

शामकला ठाण्याच्या बाहेर बाकावर बसली होती. मी तिला पुडीचे सर्व सांगितले. माझे वाक्यही सांगितले. ती मग म्हणाली, "बाई, माही पोरगी कालपासून जेवली नाई. तुमच्या गिऱ्हाइकाइले आता कोन सांगन?"

पुडीचे ऐकून ठाण्यातल्या साहेबांनी तिला घरी जायला सांगितले आहे, पण माझा जबाब होईपर्यंत ती थांबली आहे. आमचे असे ठरले की उद्या सकाळी सातपासून तिने माझ्या टपरीवर पुढच्या बाकावर बसावे, आणि कालच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहा देण्याआधी मी तिच्या देखत सांगावे की पुडी माझ्याच डब्यात होती. त्यातले सहा जण रोजचे आहेत. बाकीचे येईपर्यंत तिने रोज बसावे, तिच्या चहाचे पैसे नाहीत. जबाब लिहिणाऱ्या मॅडम म्हणाल्या की याचा चौकशीशी संबंध नाही. मी म्हटले, "माह्याशी हाये. लिवा."

माझा हा जबाब मॅडमनी मोठ्याने वाचला, तेव्हा मी शामकलाला आत बोलावून शेजारी बसवले होते. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. शामकलाही बरोबर आहे म्हणाली.

समक्ष
(सही) पार्वताबाई रहांगडाले