गंगेच्या वाळूतला बॉल

माझा जन्म गंगाखेडचाच. बाप साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या उतरवायचा, आन् आमी लेकरं नदीच्या वाळूत फुटबॉल खेळायचो. गोदावरी म्हणा तुमी, आमी गंगाच म्हणतो. काय सांगू तुम्हाला, वाळूत बॉल पळतच न्हाई, पायानं गोंजारत न्यावा लागतो, त्यानं पाय असा मऊ झाला की साध्या मैदानावर गेलो की वाटायचं, आपून पळत न्हाई, तरंगायलो.

तवा आमच्याकडं फुटबॉल कोणाला मालूम न्हवता. माय म्हणायची, लाथा मारून कोणाचं भलं झालंय का. तरीबी मी जिल्ह्याकडून खेळलो. राज्याच्या निवडीचा सामना हुता, आन् गुडघा आदल्या दिवसापासून सुजलेला. खेळ शिकवणाऱ्या सरांना म्हणलं, सर, लय दुखायलंय. ते म्हणले, आजचा दिवस काढ. काढला. दोन गोलबी केले. तिसऱ्याला उडी मारली आन् खाली आलो तर पाय माझा न्हवताच. त्यांचा राग न्हाई, मलाबी खेळायचंच हुतं.

मग बारा वर्सं बॉलला शिवलो न्हाई. एष्टीच्या डेपोत गाड्या दुरुस्तीचे पाने फिरवले, जिना चढायला अजूनबी कठडा धरावा लागतो. सपनात मात्र रोज खेळायचो, लय हळू, पाण्याखाली खेळल्यावानी.

एक दिवस गल्लीतल्या लताबाई आल्या, शाळेत शिपाई हाईत. म्हणल्या, भाऊ, माझ्या सुमनला बॉलशिवाय काही सुचत न्हाई, पोरं तिला खेळू देत न्हाईत, तुमी शिकवा. एकीच्या अकरा झाल्या.

मागच्या साली परभणीला फायनल हुती. एक-एक गोल, बरोबरी, आन् सुमनचा पाय मुरगळला. मी तिला बाहेर बोलावलं. ती रडायली, सर, पाचच मिनिटं राहिलेत, हात जोडते. लताबाई म्हणल्या, खेळू द्या की भाऊ, निवडणारे बघायलेत तिला. मी म्हणलं, न्हाई, बिलकुल न्हाई. आमी हारलो. सुमन महिनाभर बोलली न्हाई, लताबाई दिसल्या की तोंड फिरवायच्या. मलाबी वाटायचं, चुकलंच का काय आपलं, एका लेकराचं सपन आपून मोडलं का काय.

मग एका सकाळी सुमन आली, बूट बांधले, पळायला लागली. पाय सरळ पडायलता. मी दुसरीकडं बघितलं, डोळे भरलते.

आता तीच लहान्या पोरींना शिकवती आन् स्वतःबी खेळती. थंडीत गंगेवर धुकं असतंय, पोरी दिसत न्हाईत, नुसते आवाज येतेत, दे, दे, माझ्याकडं दे. मी काठावर बसून ऐकतो. यंदा तिची निवड होईल, न्हाई तर न्हाई होणार. म्हातारपणी आपल्या पायानं जिना चढाव्यात माझ्या पोरी, दुसरं काय मागू.