मधोमध एकच गोल

नाव व पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे. वय ४४ वर्षे. काम : चष्म्याच्या दुकानात काचा बसवणे. आज शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते ते असे :

माझा थोरला भाऊ, दादा, वय ५३, माझ्याकडे राहतो. तो जमिनीची मोजणी करायचा. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन त्याची वाचा गेली, उजवी बाजू गेली. समज गेलेली नाही.

दादा डाव्या हाताने संगणकावर मंगळाचे फोटो तपासतो. हे काम ठिकठिकाणचे स्वयंसेवक घरबसल्या करतात. फोटोत बर्फावर काळे डाग आणि वाऱ्याने पसरलेले फराटे असतात. प्रत्येकाभोवती रेघ काढून डाग की फराटा ते नोंदवायचे. मधूनमधून तज्ज्ञांनी आधी तपासलेले फोटो येतात. ते कोणते, हे सांगत नाहीत. त्यांवरून आठवड्याचे गुण मिळतात. दादा शंभरात नव्वदच्या खाली कधी आलेला नाही.

धाकट्या भावाला दादाला कायमचे संस्थेत टाकायचे आहे. त्यासाठी दादाला काही कळत नाही असा दाखला लागतो. बुधवारी त्याने डॉक्टरांना घरी आणले. मी म्हटले, याचे गुण बघा. डॉक्टरांनी बघितले. अकरा होते. शनिवारी सही करतो, म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर मी नोंदी उघडल्या. सोमवारी आणि मंगळवारी दुपारी तीन ते पाच या वेळात दादाच्या नावाने ३१६ फोटो भरलेले आहेत. त्या वेळेत दादा व्यायामासाठी दवाखान्यात असतो. तिथल्या वहीत त्याचा अंगठा आहे. सगळ्या फोटोंवर मधोमध एकच गोल. बर्फ कोरा असला तरी गोल. दादाने तीस वर्षे लोकांच्या हद्दी मोजल्या. वीतभर चूक निघाली तर जेवण टाकून परत मोजायला जायचा.

काल सव्वातीनला मी दुकानातून मध्येच घरी आले. घराची एक किल्ली धाकट्याकडे असते. धाकटा दादाच्या खुर्चीत बसून माउस दाबत होता. त्याची बायको पलंगावर नखे कापत होती.

मी म्हटले, "लाज नाही वाटत?"

धाकटा म्हणाला, "अगं ताई, दगडाधोंड्यांचे फोटो ते! कुणाचं घर बुडालं?"

बायको म्हणाली, "मंगळावरून कोणी तक्रार करायला येतंय होय?"

दोघे हसले. मग धाकटा म्हणाला, "'हे मी केलं नाही' असं दादाला सांगू दे ना. तोंडाने सांगू दे."

मी माउस वायरसकट ओढला. वायर त्याच्या गालाला लागली. वळ माझ्यामुळे उठला. त्याने माझ्याविरुद्ध आधीच तक्रार दिल्याचे इथे आल्यावर कळले. ती खरी आहे. मला पश्चात्ताप नाही, असेही लिहावे.

पाच वाजता दादा आला. त्याने ते गोल पाहिले. बराच वेळ पाहिले. मग डाव्या हाताने मॉनिटरचे तोंड भिंतीकडे केले. जेवला नाही.

साहेब विचारतात, यात चोरीला काय गेलं, बाई? माझ्या भावाला बोलता येत नाही. तो शहाणा आहे हे सांगणारी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती. ती सख्ख्या भावाने त्याच्याच खुर्चीत बसून नेली. शनिवारच्या आत हा जबाब डॉक्टरांना दाखवावा. दादासमोर नवे फोटो ठेवावेत आणि डॉक्टरांनी शेजारी बसून बघावे.

लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात दोन ठिकाणी 'अजाण भाऊ' असे आले होते. 'अजाण' हा शब्द दोन्ही ठिकाणी माझ्यासमोर खोडला. आता बरोबर आहे. सही केली.