सिमल्याहून आलेला फोन

विरार स्टेशनबाहेर आगाशीच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका होत्या.

"वसुंधरावहिनी, तुमचा उमंग सिमल्याला करतो काय?"

"बटाट्याच्या जुन्या जातींची जनुकं वाचतो म्हणे. कोण कुणाच्या नात्यातलं, ते त्यातून कळतं. काल फोनवर म्हणाला, आई, बटाटा आणि वांगं एकाच कुळातले."

"काय सांगता. वांगं तर तुम्ही सोडलंत."

"दिनानाथांना अर्धांगाचा झटका आला तेव्हाच सोडलं. देवाला बोलले, हे पायावर उभे राहू देत, जन्मात वांगं खाणार नाही. आणि राहिले ना उभे."

"मग झालं तर."

"झालं काय? दर सोमवारी उपासाला बटाटाच खात आलेय मी."

"अहो, नवस वांग्याचा होता. त्याच्या भाऊबंदांचा नव्हता."

"हे देवाला कोण सांगणार? सकाळी घरातले सगळे बटाटे कामवालीला देऊन टाकले."

"दिनानाथभाऊंना मात्र यातलं काही कळू देऊ नका."

"बाजूलाच बसले होते हो. स्पीकर चालू होता."

"अगं बाई. मग काय म्हणाले?"

"तेव्हापासून खुर्चीतून उठलेच नाहीत."